गोदीतला फेलो

लंडनच्या रॉयल सोसायटीवर निवडून गेलेले पहिले भारतीय म्हणजे मुंबईच्या गोदीतले अभियंते अर्देसर करसेटजी वाडिया (१८०८–१८७७). ही निवड २७ मे १८४१ रोजी झाली.

त्या काळी सोसायटीत शिरण्यासाठी स्वतः अर्ज करून भागत नसे. उमेदवाराला ओळखणारे फेलो, म्हणजे सोसायटीचे सदस्य, त्याच्या कर्तबगारीचा एक कागद तयार करत. त्यावर किमान तिघांच्या सह्या लागत. हा कागद सभागृहात टांगून ठेवला जाई, येणारेजाणारे फेलो तो वाचत, मग गुप्त मतदान होई. दोन तृतीयांश मते पडली की माणूस आत. वर्षाला किती जण घ्यायचे यावर बंधन नव्हते. त्यामुळे शास्त्रज्ञांच्या बरोबरीने उमराव आणि हौशी धनिकही फेलो होत.

अर्देसर यांच्या कागदावर शोधनिबंधांचा आधार नव्हता. जहाजबांधणीचे शास्त्र आणि व्यवहार दोन्ही त्यांना उत्तम अवगत आहेत, मुंबईत गॅसचे दिवे त्यांनी आणले, साठ टनी जहाज बांधून वाफेचे इंजिन चालवले, असा मजकूर होता. त्यांचे पूर्वज लौजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून वाडिया घराणे गोदीत जहाजे बांधत होते. अर्देसर यांचा ओढा मात्र इंजिनांकडे. १८३४ मध्ये त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसने उजळली, तेव्हा खुद्द गव्हर्नर ती पाहायला आले.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. निवड झाली तेव्हा मात्र ते मुंबईत परतून ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टीम फॅक्टरीत मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले होते. त्यांच्या हाताखाली युरोपीय कारागीर होते आणि नेटिव्हाला ही जागा दिल्याबद्दल मुंबईतल्या एका इंग्रजी वृत्तपत्राने नाक मुरडले. लंडनला जे पटले ते इथल्या गोऱ्यांना पचले नाही.

१८४७ मध्ये सोसायटीने नियम कडक केले. वर्षाला फक्त पंधरा जण घ्यायचे आणि त्यांची नावे कार्यकारी मंडळाने सुचवायची, असे ठरले. संशोधनाचे वजन वाढले. या गाळणीतून केवळ कारागिरीच्या बळावर अर्देसर पार झाले असते का, याची शंकाच आहे. पुढचे भारतीय फेलो व्हायला १९१८ साल उजाडले. ते श्रीनिवास रामानुजन. त्यांची शिफारस झाली ती अंकसिद्धान्त आणि विवृत्तीय फलनांवरील शुद्ध गणितातल्या संशोधनासाठी.