अंधारवाटांचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

खेळाविषयी लिहावयाचे तर ते क्रीडावृत्ताच्या पानावर लिहावे, वाङ्मयाच्या मासिकात त्याला जागा कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. 2025 सालच्या गणेशोत्सवापर्यंत आम्हीही तोच प्रश्न विचारला असता. त्या वर्षी आमचा भाचा सुट्टीस बोदवडास आला होता. अनंत चतुर्दशीस दोन दिवस उरले असता, 4 सप्टेंबरच्या सायंकाळी, आरतीचे तबक खाली ठेवताच तो संगणकापुढे जाऊन बसला. ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ नावाचा खेळ त्या घटकेस जगभर विक्रीस निघावयाचा होता. पण गिऱ्हाइकांची झुंबड एवढी उडाली की, संगणकावरची मोठमोठी दुकाने तासन्‌तास कोलमडून पडली. पहिल्याच दिवशी एकट्या ‘स्टीम’ दुकानाच्या द्वारे पाच लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी हा खेळ खेळत होती. ज्या वस्तूसाठी एवढी माणसे एकाच रात्री जागतात, तिचा इतिहास पाहणे हे अध्यापकाचे काम नव्हे, असे कोण म्हणेल?

पटावरच्या वाटेने जीव वर चढविण्याची कल्पना आपणांस नवी नाही. आपल्या इकडील मोक्षपट हा तोच खेळ होय. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानदेवांकडे देते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि माथ्यावर वैकुंठ, अशी त्याची रचना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात गेला आणि पुढे मोक्ष गळून पडून नुसती सापशिडी उरली. मात्र मोक्षपटात चढणे व घसरणे कवड्यांच्या हाती असते. साप गिळतो तो खेळणाराच्या अपराधामुळे नव्हे, दान तसे पडले म्हणून.

नव्या खेळांची वंशावळ निराळी आहे. 1986 साली जपानात ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ हे दोन खेळ निघाले. दुसऱ्याच्या वंशातील 1997 सालच्या खेळाची रीत पहिल्यासारखी निघाली, आणि दोहोंची नावे जोडून या जातीस ‘मेट्रॉइडव्हेनिया’ हे नाव पडले. येथे वाट सरळ नसते. एखादा उंच कडा आडवा येतो, खेळणारा मागे फिरतो, दूर कोठे तरी उडी मारण्याची नवी कला शिकतो आणि मग तोच कडा त्याला वाट देतो. नकाशा हळूहळू भरत जातो, आणि नकाशाबरोबर खेळणाराही.

या जातीतील ‘हॉलो नाइट’ हा खेळ ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी ‘टीम चेरी’ या छोट्याशा मंडळीने रचला. अॅरी गिब्सन व विल्यम पेलेन हे तिचे संस्थापक. 2014 साली त्यांनी लोकवर्गणी मागितली ती 35,000 ऑस्ट्रेलियन डॉलरांची. जमले 57,000 हून अधिक. 24 फेब्रुवारी 2017 रोजी खेळ प्रसिद्ध झाला आणि 2025 च्या ऑगस्टपर्यंत त्याच्या दीड कोट प्रती खपल्याचे कर्त्यांनी सांगितले. कीटकांचे एक वैभवशाली राज्य लयास गेले आहे. एक मुका, निनावी वीर त्याच्या अंधाऱ्या भुयारांतून खाली खाली उतरतो आणि भग्न अवशेषांवरून त्या राज्याची कथा जुळवितो. आमच्या जवळच्या अजिंठ्याचा डोंगर पाहिलेल्यास हे चमत्कारिक वाटणार नाही. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या लेण्यांत शिरला, तेव्हा त्यालाही अंधार व रंगलेल्या भिंती यांखेरीज सांगणारा कोणी भेटला नसावा.

उत्तरार्ध म्हणजे ‘सिल्कसाँग’. मूळ खेळास एक जोडप्रकरण द्यावे, एवढाच आरंभीचा बेत होता. प्रकरणाचा ग्रंथ झाला. 2019 च्या फेब्रुवारीत घोषणा झाली, तरी खेळ हाती यावयास सहा वर्षे लोटली. पूर्वार्धातला प्रवास पाताळाकडे, उत्तरार्धातला शिखराकडे. नायिका हॉर्नेट बोलते, आणि तिच्याबरोबर शिखरावरच्या पुण्यनगरीकडे यात्रेकरू चाललेले असतात. त्या राज्यातले नाणे म्हणजे जपमाळेचे मणी! कित्येक ठिकाणी विसाव्याच्या बाकावर टेकावयाचे तरी मणी मोजावे लागतात. भक्तीचे चलन झाले की यात्रेकरूची काय गत होते, यावर याहून बोचरी टीका आम्ही अलीकडे क्वचितच पाहिली असेल.

खेळाडूंचे अभिप्राय मात्र दुभंगले. चित्रे, क्रिस्टोफर लार्किन यांचे संगीत व प्रदेशाचा विस्तार यांची स्तुती बहुतेकांनी केली. वाद माजला तो काठिण्यावरून. आरंभीच कित्येक शत्रूंचा एक घाव दोन घावांइतका लागतो, आणि मृत्यू आला की लांबची वाट पुन्हा तुडवावी लागते. एक पक्ष म्हणे, हा छळ आहे. दुसरा म्हणे, हाच तर आनंद आहे.

आम्ही भाच्यास विचारले, “तीन रात्री एकाच ठिकाणी आपटतो आहेस, कंटाळा नाही येत?”

“मामा, पडतो तो माझ्याच चुकीनं पडतो. त्याचा राग नाही येत,” तो म्हणाला. “राग येतो तो पडल्यावर तीच वाट पुन्हा चालायची त्याचा. तिथं शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं.”

या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. मुलांना सोपे हवे असते, अशी आमची तीस वर्षांची तक्रार. ती येथे खोटी ठरली. कवड्यांच्या दैवापेक्षा स्वतःच्या चुकीचा जाब या मुलास अधिक न्याय्य वाटत होता. परंतु त्याच्या उत्तराचा दुसरा भाग आमच्यावरच उलटला. आमच्या वर्गात कापूस पिकविणाऱ्यांची मुले येतात. इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकाशी ठेचकाळून परत गेलेली कित्येक मुले आम्ही ‘निवड झाली’ म्हणून विसरून गेलो. त्यांना थोपविणारे कष्ट शिकविणारे होते, की नुसते वेळ खाणारे, हे आम्ही कधी तपासलेच नाही.

खेळाच्या कर्त्यांनी ते तपासले. थोड्याच दिवसांत दुरुस्ती निघाली : आरंभीचे ‘मूरविंग’ व ‘सिस्टर स्प्लिंटर’ हे दोन बलाढ्य शत्रू किंचित सौम्य झाले, मधल्या टप्प्यावरील काही विसाव्यांचे मोल उतरले. शेवटचे शिखर जेथल्या तेथे राहिले. उंबरठा सखल करावा, कळस करू नये, असे आम्ही याचे तात्पर्य काढतो.

एक वाद खास वाङ्मयाचा. चिनी खेळाडूंनी खेळावर प्रतिकूल अभिप्रायांचा वर्षाव केला, तो बव्हंशी भाषांतरामुळे; उसन्या जुनाट थाटाने मूळ संवादांची सरळता हरवली, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती सुधारण्याचे आश्वासन कर्त्यांच्या वतीने देण्यात आले. काठिण्य कर्त्याचे असेल तर शोभते, दुभाष्याचे नव्हे. तक्रार करावयास का होईना, चिनी खेळाडूंपाशी भाषांतर होते. खेळ दहा भाषांत निघाला. त्यांत मराठी नाही, हिंदीही नाही. भाचा इंग्रजी वाचतो म्हणून त्याला ते यात्रेकरू काय बोलतात ते कळले. आमच्या परत गेलेल्या मुलांना ते मुकेच राहतील.

शेजारच्या मुक्ताईनगराहून दर वर्षी आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास निघते. पल्ला लांबचा आहे आणि तो कोणी कमी करून मागत नाही. पण वाटेतल्या गावांत पाणी व भाकरी तयार असते, आणि तिचे मोल कोणी मणी मोजून घेत नाही. बिकट वाट आणि विनामूल्य विसावा, ही जोडी आमच्या दाराशी असता ती आम्हांस परदेशच्या एका खेळाने दाखवावी, याची थोडी लाज वाटते. जूनमध्ये नवा वर्ग भरेल. पहिले पुस्तक आम्ही तेच ठेवणार आहोत. वाटेत बाके मात्र मांडावयाची आहेत.