नऊजणी धावल्या, नऊजणी पोचल्या

२ ऑगस्ट १९२८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ८०० मीटर धावण्याची अंतिम शर्यत झाली. धावणे, उड्या, फेक अशा मैदानी स्पर्धांत स्त्रियांना ऑलिंपिकचे दार त्याच वर्षी प्रथम उघडले होते. जर्मनीची लीना राड्के २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली. हा जागतिक विक्रम होता. दुसरी आली जपानची किनुए हितोमी. ती खरे तर उडी आणि कमी अंतराची धावपटू. १०० मीटरची अंतिम फेरी हुकली म्हणून ती या शर्यतीत उतरली होती. तिसरी स्वीडनची इंगा गेन्टझेल. पहिल्या तिघींत अंतर होते फक्त दोन सेकंदांचे.

या चुरशीबद्दल वृत्तपत्रांनी काय छापले? एका अमेरिकन वार्ताहराच्या म्हणण्यानुसार अकरा केविलवाण्या बायका धावल्या, पाच जणींनी मध्येच शर्यत सोडली आणि पाच अंतिम रेषेपाशी कोसळल्या. प्रत्यक्षात धावणाऱ्या नऊच होत्या आणि नऊच्या नऊ पोचल्या. शर्यतीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. जीव तोडून धावल्यावर कोणी खाली पडली, कोणी गवतावर आडवी झाली, यात नवल ते काय! पुरुषही तेच करत. वीस वर्षांपूर्वी, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या अखेरीस अनेकदा पडला, त्याला धरून रेषेपार न्यावे लागले आणि त्यामुळे तो बादही झाला. त्याला राणीने चषक दिला. पुरुषांची मॅरेथॉन बंद करा, असे काही ठरले नाही.

स्त्रियांची ८०० मीटर मात्र बंद झाली. १९३२ पासून १९५६ पर्यंत एकाही ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी २०० मीटरपेक्षा लांब शर्यत नव्हती. ८०० मीटर परत आली ती १९६० मध्ये, रोमला. बत्तीस वर्षे म्हणजे मुलींची एक अख्खी पिढी.

वार्ताहरांना जे दिसले नाही ते त्यांनी का पाहिले? कारण काय दिसणार हे आधीच ठरलेले होते. १८७३ मध्ये बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिले. शरीरातील शक्ती मर्यादित असते, मुलींनी मुलग्यांसारखा अभ्यास केला तर ती मेंदूकडे वळते आणि प्रजननसंस्था खुरटते, असा त्यांचा सिद्धांत होता. पुरावा म्हणून होत्या निवडक रुग्णांच्या मोजक्या हकिगती. पुस्तक धडाधड खपले.

याला उत्तर दिले डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी, आणि तेही शास्त्रज्ञाच्या पद्धतीने. त्यांनी स्त्रियांकडे प्रश्नावल्या पाठवल्या. २६८ उत्तरे आली. शिवाय काहींच्या नाडीचे आलेख घेतले, स्नायूंची ताकद मोजली. मासिक पाळीत सर्वच स्त्रियांनी विश्रांती घेणे आवश्यक आहे असे दाखवणारे काहीही त्यांना आढळले नाही. या निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्डचे बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जेकोबी शिकल्या, तिथूनच १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे वाचकांना आवडेल. पण पारितोषिकाने समज मरत नाहीत. १९६६ मध्ये बॉबी गिब हिने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला, तेव्हा तिला कळवण्यात आले की स्त्रिया शारीरिकदृष्ट्या इतके धावू शकत नाहीत. ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात लपली, घोळक्यात घुसली आणि सुमारे ३ तास २१ मिनिटांत पोचलीही. निम्म्याहून अधिक पुरुष तिच्या मागे होते.

आता शाळेच्या मैदानाकडे वळू. क्रॉस कंट्रीसाठी मुलींचा संघ करायला घेतला, की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकू येते: "बाई, मला नाही जमणार, मला दम लागतो." दम लागतो हे निरीक्षण आहे. जमणार नाही हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. १९२८ च्या वार्ताहरांनी नेमकी हीच गल्लत केली होती.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या भावनेचे चार उगम सांगितले. स्वतः करून मिळालेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. सर्वांत बळकट पहिला. आपण शिक्षक मात्र बहुतेक वेळा तिसऱ्यावरच, म्हणजे भाषणावर, भिस्त ठेवतो! चौथ्याकडे तर लक्षच जात नाही, आणि तिथेच विज्ञानाच्या शिक्षकाचे काम आहे.

धावायला लागल्याबरोबर स्नायूंची प्राणवायूची मागणी एकदम वाढते, पण हृदय आणि फुप्फुसे त्या गतीला यायला दोन-तीन मिनिटे घेतात. तोवर स्नायू प्राणवायूविना ऊर्जा मिळवून वेळ निभावतात. सुरुवातीलाच जोरात सुटलेल्या मुलीला याच काळात धाप लागते, पाय जड होतात आणि ती थांबते. आणखी थोडे सावकाश धावली असती तर तिची गाडी रुळावर आली असती. हे मुलग्यांतही तसेच घडते. शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने पहिले काही आठवडे पळवावे. प्रत्येकीने धावणे संपताच आणि नंतर एक, दोन, तीन मिनिटांनी स्वतःची नाडी मोजून वहीत लिहावी. नियमित सराव असेल, तर त्याच अंतरानंतर नाडी अधिकाधिक लवकर खाली येताना काही आठवड्यांत दिसू लागते. ते आकडे मुलीचे स्वतःचे असतात, सरांच्या कौतुकाचे नसतात.

स्त्री-पुरुषांत फरक नाही असे मात्र सांगू नये. वयात आल्यावर मुलींचे हिमोग्लोबिन मुलग्यांपेक्षा सरासरीने कमी राहते, चरबीचे प्रमाण वाढते. अव्वल धावपटूंच्या वेळांत दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो तो यामुळेही. बारा वर्षांची असताना वर्गात पुढे असणारी मुलगी चौदाव्या वर्षी मागे पडू लागते आणि स्वतःलाच दोष देते. तिला हे आधी सांगितलेले बरे. आणखी एक गोष्ट: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. अशा मुलीला धीर देऊन काय उपयोग? तिला रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण हवे. वजन घटवले की वेग वाढतो हा सल्लाही घातक आहे. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींची पाळी बंद पडते, हाडे कमकुवत होतात.

दुसऱ्या उगमासाठी क्रॉस कंट्रीची गुणपद्धतीच मदतीला येते. अमेरिकेतील शाळांत संघाच्या सात मुली धावतात आणि पहिल्या पाच जणींचे क्रमांक बेरजेत धरतात. म्हणजे संघातली पाचवी मुलगी पहिलीइतकीच मोलाची. मागच्या मुलींना आदर्श वाटते ती शेजारच्या बाकावरची. त्याच देशात १९७१-७२ मध्ये तीन लाखांहून कमी मुली माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळत. १९७२ मध्ये शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा कायदा झाला आणि १९७७-७८ मध्ये ही संख्या वीस लाखांवर गेली. सहा वर्षांत मुलींची हृदये आणि फुप्फुसे बदलली नव्हती.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ही शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये आली ती २००८ साली.

स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ मध्ये लॉस एंजलिसला झाली. अमेरिकेची जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. तिच्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी स्वित्झर्लंडची गाब्रिएला आंडरसन-शिस मैदानात शिरली, ती उन्हाच्या तडाख्याने वाकडीतिकडी झोकांड्या देत. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून अधिक लागली. डॉक्टर शेजारून चालत होते. तिला घाम येतो आहे हे पाहून त्यांनी तिला अडवले नाही. सदतिसावी येऊन ती रेषेवर कोसळली. दोन तासांत ती सावरली, आणि चार वर्षांनी सोलच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन ठरल्याप्रमाणे झाली.