मुखपृष्ठावरील ‘साहाय्य’

छापील साधनग्रंथ हातीं आला म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम आंतील कागदांकडे वळते. परंतु ते कोणीं निवडले व मुखपृष्ठावर कोणास कोणतें स्थान मिळालें, हेंही इतिहासाचेंच साधन होय. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासांतील एक उदाहरण येथें पाहूं.

१९१४ च्या महायुद्धाचा दोष कोणाचा, हा वाद पुढें दप्तरांच्या आधारें चालला. जर्मनीनें १९२२ ते १९२७ या काळांत आपले परराष्ट्रीय कागद ४० खंडांत छापले. इंग्लंडनेंही १९२४ सालीं तसाच निश्चय करून गूच व टेंपरली यांस संपादक नेमिलें. १८९८ ते १९१४ पर्यंतच्या कागदांचे ११ खंड १९२६ ते १९३८ च्या दरम्यान निघाले. महत्त्वाचा कागद गाळण्याचा आग्रह झाल्यास आपणांस राजीनामा द्यावा लागेल, असें संपादकांनीं प्रस्तावनेंत बजाविलें होतें.

या कार्यांत लिलियन पेनसनबाई (१८९६–१९६३) होत्या. त्यांचें नांव मुखपृष्ठावर आहे. परंतु संपादक म्हणून नव्हे, तर ‘यांच्या साहाय्यानें’ अशा शब्दांत. आतां, गूच व टेंपरली हे वयानें व लौकिकानें वडील, म्हणून आरंभीं हा शब्द योग्यच होता, असें कोणी म्हणेल. तें मान्य करूं. तथापि १९२१ सालीं लंडन विद्यापीठाची पीएच. डी. मिळविलेल्या या बाई १९३० सालीं बेडफर्ड कॉलेजांत अर्वाचीन इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. तरी १९३८ च्या खंडावरही तोच शब्द कायम राहिला. केवळ वयाचें कारण येथें पुरें पडत नाहीं.

उलट पुरावाही त्याच सालचा आहे. पिटपासून सॉल्सबरीपर्यंतच्या ब्रिटिश परराष्ट्रधोरणाचे कागद, तसेंच १८१४ ते १९१४ पर्यंतच्या सरकारी ‘ब्ल्यू बुकां’ची सूचि, हे दोन ग्रंथ १९३८ त प्रसिद्ध झाले. दोहोंवर टेंपरली व पेनसन हीं नांवें बरोबरीनें आहेत. म्हणजे सरकारी ग्रंथांत जी साहाय्यक, तीच विद्यापीठीय ग्रंथांत सहसंपादक!

त्या काळची स्थितिही ध्यानांत घेतली पाहिजे. टेंपरली ज्या केंब्रिजांत शिकवीत, तेथें स्त्रियांस पूर्ण पदवीचा अधिकार १९४८ त मिळाला. त्याच वर्षीं पेनसनबाई लंडन विद्यापीठाच्या कुलगुरु झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. त्याच वर्षीं ॲग्नेस हेडलम-मॉर्ले यांस ऑक्सफर्ड येथें आंतरराष्ट्रीय संबंधांचें प्राध्यापकपद मिळालें. वर सांगितलेल्या मालेचा ११ वा खंड यांच्याच पित्यानें संपादिला होता.

सारांश, संग्राहकांनीं अशा ग्रंथांची नोंद करितांना मुख्य संपादकांच्या नांवाशींच थांबूं नये. ‘साहाय्यानें’ या शब्दामागील नांवही पूर्ण उतरून घ्यावें. तें नांव सूचींतून गळालें, कीं श्रमाचा तो पुरावाही गळाला.