खाली बसणाऱ्या गाड्या

जावयाला आणि वाहनाला किती उंचावर बसवावं, हा आमच्या मुलखातला जुना प्रश्न आहे. जावयाचं तूर्त राहू द्या. वाहनाच्या उंचीचा इतिहास मात्र शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत बसल्या जागी वाचता येतो. म्हणजे बसायला जागा मिळाली तर!

मुरबाडच्या डोक्यावर नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण बंदरात उतरलेला माल या घाटाने जुन्नरला चढे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. यज्ञात गाई किती, घोडे किती, कार्षापण किती दान दिले, सगळं आकड्यांनिशी. आम्हा बँकवाल्यांना तो शिलालेख कमी आणि लेजर जास्त वाटतो. पण त्या पायऱ्यांच्या वाटेवर चाकाचं काम नव्हतं. माल जाई बैलाच्या पाठीवर. चार पाय, चार वेगळाले गुडघे, खड्डा दिसला की आपोआप बेत बदलणारं डोकं. असं वाहन पुन्हा कुठल्याही कारखान्याला जमलेलं नाही.

पुढे चाक आलं आणि माणसाचे हाल सुरू झाले. बैलगाडीचा साटा थेट आसावर. दगडाला बसलेला दणका जसाच्या तसा, एक पैसा कमिशन न कापता, मणक्यात जमा! युरोपातले श्रीमंत लोक घोडागाडीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांनी टांगून घेत. सस्पेन्शन म्हणजे मुळात टांगणंच. १८०४ साली लंडनच्या ओबादाया इलियट नावाच्या गाडीवाल्याने पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि मानवजातीची पाठ जरा सरळ झाली.

तेच पाटे पुढे जीपच्या पोटाखाली आले. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. लढाईसाठी जन्मलेली ही गाडी, म्हणून जमिनीपासून चांगली उंच. खेडोपाडी मग जीपगाड्यांची वडाप सुरू झाली. बाजाराच्या दिवशी किंवा म्हशाच्या जत्रेला त्यांतली एखादी भरताना ज्याने पाहिली, त्याला सस्पेन्शन वेगळं शिकवावं लागत नाही. आत दाटीवाटीने माणसं, मागे लोंबकळणारी, शिवाय कोंबड्या. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर. बघता बघता गाडी वीतभर खाली बसते. आमच्याकडे गाडी खाली घ्यायला किट लागत नाही, पाव्हणे पुरतात. उलट मिस्तरी पाट्यांत एकेक पाटा वाढवून ती पुन्हा वर उचलतो.

यात आपण मागासलेले आहोत असं समजू नका. तिकडे लॉस एंजेलिसला १९४०च्या दशकात मेक्सिकन वस्तीतली पोरं जुन्या मोटारींच्या डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंगा कापून गाड्या रस्त्याला टेकवत. १९५८ पासून कॅलिफोर्निया सरकारने फर्मान काढलं, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली नको. दुसऱ्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने विमानाचे हायड्रॉलिक पंप गाडीला जोडले. पोलीस दिसला की गाडी उभी, पोलीस गेला की गाडी बैठी! अखेर १ जानेवारी २०२४ पासून तो कायदाच रद्द झाला. सरकारला दमवायला साठहून जास्त वर्षं लागतात, हा हिशेब आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हता.

ही हवा आता इकडेही आली. आमच्या डोंबिवलीच्या भाच्याने भलीमोठी एसयूव्ही घेतली आणि लगेच तिला बुटकी करायचं काढलं. पुढे आखूड स्प्रिंगा, मागेही तसंच, शॉकअब्सॉर्बर आखूड, मग चाकांची अलाइनमेंट.

"मामा, वजन खाली आलं की वळणावर गाडी कलंडत नाही," तो म्हणाला. शास्त्र अगदी बरोबर. मुरबाडच्या मिस्तरीने मात्र गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"दादा, हितं लोक गाडी वर घ्यायला येतात. खाली घ्यायला तुम्हीच पहिले. पावसाळ्यात ये-जा कुठं करनार?"

शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहेच: नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू नये. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. भाच्याने किटचे पैसे इन्शुरन्सच्या हप्त्याला लावले.

खरं सांगायचं तर गाडीची उंची मालक ठरवत नाही, रस्ता ठरवतो. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा झाला. त्याचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातूनच जातो. त्याच्यावर खुशाल खाली बसून जावं. पण त्याच तालुक्यातल्या डोंगरी पाड्यांवरून अडलेल्या बाईला पावसाळ्यात अजून डोलीत घालून खाली आणतात. त्या डोलीला पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. ग्राउंड क्लिअरन्स तेवढा भरपूर: माणसाच्या खांद्याइतका.

त्या पाड्यापर्यंत धड रस्ता पोचू द्या. मग कोणी आपली गाडी कितीही खाली बसवो, आमच्याकडून ना हरकत दाखला, सही-शिक्क्यानिशी.