हॅपिअर दॅन एव्हर

हॅपिअर दॅन एव्हर : अमेरिकन पॉप गायिका व गीतकार बिली आयलिश हिचा दुसरा स्टुडिओ अल्बम. प्रकाशन ३० जुलै २०२१. प्रकाशक डार्करूम व इंटरस्कोप रेकॉर्ड्स. एकूण १६ ध्वनिमुद्रणे, अवधी सुमारे ५६ मिनिटे. गीते बिलीने थोरला भाऊ फिनियस ओकॉनेल याच्याबरोबर लिहिली, निर्मिती फिनियसची. अल्बम आला तेव्हा बिली १९ वर्षांची होती.

पूर्वपीठिका : बिलीचा जन्म १८ डिसेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. आईवडील दोघेही अभिनयक्षेत्रातले. दोन्ही मुलांचे शिक्षण त्यांनी घरीच केले. २०१५ च्या अखेरीस ‘ओशन आइज’ हे फिनियसने रचलेले गाणे तिने गाऊन इंटरनेटवर टाकले आणि त्यावरच ती ओळखली जाऊ लागली. पहिला अल्बम ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’ मार्च २०१९ मध्ये आला. हायलंड पार्क भागातल्या राहत्या घरी, फिनियसच्या झोपायच्या खोलीत तो ध्वनिमुद्रित झाला होता. जानेवारी २०२० च्या ग्रॅमी समारंभात तिने एकाच रात्री चारही प्रमुख पुरस्कार मिळवले. इतक्या कमी वयात हे कोणालाच साधले नव्हते. पहिल्या अल्बमने एवढे सगळे पदरात टाकल्यावर दुसऱ्याकडून काय मागायचे, हा प्रश्न रसिकांइतकाच रेकॉर्ड कंपनीलाही पडला असणार. त्याचे उत्तर शोधायला बिलीला अनपेक्षितपणे सवड मिळाली. मार्च २०२० मध्ये सुरू झालेला तिचा जागतिक दौरा मायामी, ऑरलँडो आणि रॅली येथील तीन कार्यक्रमांनंतर कोरोनाच्या साथीमुळे थांबला.

निर्मिती : टाळेबंदीच्या काळात भावंडांनी आठवड्यातले ठरावीक दिवस लेखनाला दिले आणि फिनियसच्या नव्या घराच्या तळघरातील स्टुडिओत अल्बम सिद्ध केला. बाहेरचे गीतकार नाहीत, पाहुणे गायक नाहीत, निर्मात्यांचा ताफा नाही. त्या काळातल्या पॉप अल्बमांच्या श्रेयनामावल्या पाहिल्या, तर एकेका गाण्यामागे सहा-सात नावे सहज सापडतात. इथे सर्वत्र दोनच.

पहिल्या अल्बमचा कणा होता खर्जातला बास, भयपटांची आठवण करून देणारे आवाज आणि खट्याळ विनोद. यावेळी त्यातले बरेच बाजूला सारले गेले. ज्युली लंडन, पेगी ली, फ्रँक सिनात्रा या विसाव्या शतकाच्या मध्यावरील गायकांचे रेकॉर्ड बिली त्या सुमारास ऐकत होती. मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन, श्वासही ऐकू यावा अशा दबक्या आवाजात गाण्याची त्यांची रीत तिच्या गळ्याला मुळातच मानवणारी. ‘बिली बॉसा नोव्हा’ या गाण्यात हाच धागा ब्राझीलच्या बॉसा नोव्हा शैलीपर्यंत जातो. यशानंतर गायक आवाज चढवतात असा अनुभव असताना हिने तो उतरवला. अल्बमचे मोठेपण आणि काही ठिकाणचा कंटाळा, दोन्हींचे मूळ या निर्णयात आहे.

आशय : प्रसिद्धीने कोवळ्या वयावर काय केले, हा अल्बमचा विषय. आरंभीच्या ‘गेटिंग ओल्डर’मध्ये एकेकाळी हौसेने केलेले काम आता नोकरीसारखे वाटू लागल्याची कबुली आहे, आणि दारात येऊन उभे राहणारे अनोळखी लोकही आहेत. ‘एनडीए’ हे शीर्षक गोपनीयतेच्या कराराचे: घरी आलेल्या मित्राकडूनही सही घ्यावी लागावी असे हे जगणे. हे गाणे न थांबता ‘देअरफोर आय अ‍ॅम’मध्ये शिरते. देकार्तच्या ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ या प्रसिद्ध वचनाचे शेपूट धरून टीकाकारांना उडवून लावणारे ते गाणे आहे. त्याचा व्हिडिओ बिलीने स्वतः दिग्दर्शित केला. ग्लेनडेलच्या ओस पडलेल्या मॉलमध्ये ती एकटीच खात-पळत हिंडते. ‘युअर पॉवर’ हे गिटारवरचे शांत गाणे कोवळ्या मुलींचा गैरफायदा घेणाऱ्या मोठ्या वयाच्या पुरुषांना उद्देशून आहे. त्याच्या व्हिडिओत तिच्या अंगाभोवती अ‍ॅनाकोंडा वेटोळे घालतो.

‘नॉट माय रिस्पॉन्सिबिलिटी’ हे गाणे नव्हे, निवेदन आहे. थांबलेल्या दौऱ्यात ते चित्रफितीच्या रूपात प्रथम दाखवले गेले होते. ढगळ कपडे घातले तर एक बोलणी, अंग दिसले तर दुसरी, असा अनुभव घेतलेल्या मुलीने प्रेक्षकांनाच विचारलेले ते प्रश्न आहेत. अल्बम येण्याआधी ब्रिटिश ‘व्होग’च्या जून २०२१ च्या अंकात ती कॉर्सेट घालून, सोनेरी केसांत झळकली तेव्हा नेमकी तीच चर्चा पुन्हा रंगली.

‘गोल्डविंग’ आणि ऋग्वेद : भारतीय वाचकाने थांबून ऐकावे असे हे सहावे गाणे. त्याचा आरंभ बिलीच्याच आवाजाचे अनेक थर रचून केलेल्या वृंदगायनाने होतो. ही रचना तिची नव्हे. इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट याने १९०८ ते १९१२ या काळात ऋग्वेदातील सूक्तांना संगीत देऊन गटागटाने वृंदगीते रचली. त्यांतील तिसरा गट स्त्रीकंठ व हार्प यांच्यासाठी आहे आणि त्यात ‘हिम टू व्हेना’ म्हणजे वेनसूक्त येते. मूळ सूक्त दहाव्या मंडलातले, १२३ वे.

उपलब्ध इंग्रजी भाषांतरे होल्स्टला गाण्याजोगी वाटेनात. म्हणून तो लंडनमध्ये संस्कृत शिकला आणि शब्दकोशाच्या आधाराने स्वतःच भाषांतराला बसला. महाभारतातल्या सावित्रीवरची त्याची छोटी संगीतिकाही याच काळातली. वेनसूक्ताची देवता असलेल्या वेनाला होल्स्टने धुक्यातून वर येणारा सूर्य मानले. बिलीने निवडलेला भाग सूक्ताच्या पाचव्या व सहाव्या ऋचांशी जुळतो: हसतमुख अप्सरा आपल्या प्रियकराला परम व्योमात नेते, आणि उत्कंठेने पाहणाऱ्यांना सोनेरी पंखांचा दूत आकाशात झेपावताना दिसतो. मुळात हा वरुणाचा दूत आहे. होल्स्टने वरुणाचे नाव गाळून त्याला देवांचा दूत केले; ब्रिटिश गायकवृंदाची सोय पाहिली असावी. गाण्याचे शीर्षकही याच विशेषणातून आले.

बिली लहानपणी लॉस एंजेलिस चिल्ड्रन्स कोरसमध्ये गात असे आणि ही रचना तिला तिथूनच ठाऊक होती. प्रार्थना संपताच ताल बदलतो आणि गाणे एका निरागस मुलीला सावध करू लागते: तुझे पंख पाहून लोक जमतील, पूजतील, मग ओरबाडतील. आकाशातल्या देवदूताची जागा संगीतव्यवसायात नव्याने पाऊल टाकणाऱ्या मुलीने घ्यावी, हा जोड धाडसी आहे. वैदिक मंत्रांचा पाश्चात्त्य पॉपमधला वापर बहुधा धूप-उदबत्तीच्या थाटाचा असतो, त्या तुलनेत हा बराच विचारपूर्वक वाटतो. मात्र गाणे अडीच मिनिटांच्या आसपास आटोपते, आणि सुरुवातीच्या वृंदगायनाची उंची पुढच्या भागाला गाठता येत नाही.

शीर्षकगीत : अल्बममध्ये पंधराव्या क्रमांकावर. सुमारे पाच मिनिटांच्या या गाण्याचा पूर्वार्ध गिटारच्या हलक्या साथीवर, जुन्या रेडिओतून यावा तसा, तक्रारीच्या पण सभ्य सुरात चालतो. मध्यावर विजेची गिटार शिरते, ड्रम आदळू लागतात आणि तोवर कुजबुजणारी गायिका शेवटी अक्षरशः किंचाळते. ध्वनीही मुद्दाम फाटू दिला आहे. चौदा गाण्यांत आवाज दाबून धरल्यामुळेच हा स्फोट एवढा परिणाम करतो. सुटे ऐकले तर त्याचा अर्धाच जोर कळतो. गंमत अशी की लोकांनी तो सुटाच ऐकला. टिकटॉकवर उत्तरार्धाचा तुकडा पसरला आणि आधीच्या स्वतंत्र प्रकाशित गाण्यांहून हेच अल्बमची ओळख बनले. ‘सर्वांत आनंदी’ असे सांगणारे शीर्षकही या गाण्यात अटीवर येते: तू जवळ नसलास तर. यानंतर येणारे ‘मेल फॅन्टसी’ पुन्हा एकट्या गिटारवर, वादळ ओसरल्यावरच्या एकटेपणाचे.

प्रतिसाद : अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अल्बम पहिल्या क्रमांकावर दाखल झाला आणि तीन आठवडे तिथे राहिला, पहिल्या आठवड्यात त्याची नोंद २,३८,००० प्रतींइतकी झाली. ब्रिटनसह अनेक देशांतही तो अव्वल ठरला. समीक्षकांनी संयमाचे कौतुक केले. मात्र पहिल्या अल्बममधल्या ‘बॅड गाय’सारखे नाचते गाणे शोधणारे श्रोते निराश झाले, आणि त्यांचे सर्वस्वी चुकले असे म्हणवत नाही. सोळा ध्वनिमुद्रणे हा पसारा जास्त आहे. ‘लॉस्ट कॉज’ आणि ‘एव्हरीबडी डाइज’ वगळली असती तर मधला भाग रेंगाळला नसता. याउलट ‘ऑक्सिटोसिन’चा दमट, अंगावर येणारा ठेका अशा आणखी एखाद्या गाण्याची उणीव जाणवून देतो.

एप्रिल २०२२ मध्ये लास व्हेगास येथे झालेल्या ग्रॅमी समारंभात या अल्बमशी निगडित सात नामांकने होती. एकही पुरस्कार मिळाला नाही. वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान जॉन बटिस्टच्या ‘वी आर’ला गेला. त्याच मंचावर बिलीने शीर्षकगीत सादर केले. नऊ दिवसांपूर्वीच मरण पावलेला, फू फायटर्स या रॉक बँडचा ड्रमवादक टेलर हॉकिन्स याचे चित्र असलेला शर्ट तिच्या अंगात होता.

चित्रपट व दौरा : ‘हॅपिअर दॅन एव्हर : अ लव्ह लेटर टू लॉस एंजेलिस’ हा मैफलपट सप्टेंबर २०२१ मध्ये डिस्ने प्लसवर आला. रॉबर्ट रॉड्रिगेझ व पॅट्रिक ऑस्बोर्न यांनी तो दिग्दर्शित केला. हॉलिवूड बोलच्या रिकाम्या आसनांसमोर बिली सगळा अल्बम क्रमाने गाते. काही गाण्यांना गुस्तावो दुदामेलच्या नेतृत्वाखालील लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकची साथ आहे. जागतिक दौरा फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सपासून सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर रात्रीचा समारोपाचा कार्यक्रम करणारी ती तोवरची सर्वांत तरुण एकल कलाकार ठरली.

तिसरा अल्बम ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ मे २०२४ मध्ये आला. त्यात दहाच गाणी होती, आणि त्यांतले एकही आधी स्वतंत्रपणे प्रकाशित केलेले नव्हते.