अ‍ॅशचे अनुसरण प्रयोग

अ‍ॅशचे अनुसरण प्रयोग ही वॉर्सा येथे जन्मलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश (१९०७–१९९६) यांनी १९५०च्या दशकात केलेली प्रयोगमालिका आहे. समूहातील इतर सर्वजण उघडपणे चुकीचे उत्तर देत असताना एकटी व्यक्ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवते की बहुमताच्या मागे जाते, हे या प्रयोगांत तपासले गेले. समूहाच्या दबावामुळे व्यक्तीने आपले मत किंवा वर्तन बदलणे यास सामाजिक मानसशास्त्रात ‘अनुसरण’ म्हणतात. आज्ञापालनात वरिष्ठाचा हुकूम असतो. अनुसरणात मात्र कोणी काही सांगितलेले नसते.

पार्श्वभूमी

अंधाऱ्या खोलीतील स्थिर प्रकाशबिंदू हलत असल्याचा भास होतो. तो किती हलला, हे गटात बसून सांगताना लोकांचे अंदाज हळूहळू एकमेकांजवळ येतात, असे मुझफर शेरीफ यांनी १९३५ साली दाखविले होते. तेथे खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसल्याने इतरांवर विसंबणे स्वाभाविक होते. उत्तर स्वच्छ दिसत असतानाही तसेच घडेल काय, हा अ‍ॅश यांचा प्रश्न होता.

प्रयोगपद्धती

महाविद्यालयीन तरुणांच्या गटाला एका पत्रावर एक रेषा व दुसऱ्या पत्रावर तीन रेषा दाखविल्या जात. तिन्हींपैकी कोणती रेषा पहिलीएवढी लांब आहे, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे असे. गटातील एकच तरुण खरा प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो तो) असून बाकीचे प्रयोगकर्त्यांचे साहाय्यक असत. प्रयुक्ताची पाळी शेवटी किंवा शेवटच्या आधी येई. एकूण १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत साहाय्यक एकमताने चुकीचे उत्तर देत.

निष्कर्ष

एकट्याने उत्तर देताना चुकांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. गटात मात्र निर्णायक फेऱ्यांतील सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताप्रमाणे चुकीची आली. सुमारे तीन चतुर्थांश प्रयुक्त निदान एकदा बहुमतामागे गेले. उरलेले एक चतुर्थांश एकदाही ढळले नाहीत.

नंतरच्या मुलाखतींत काहींनी आपलीच नजर चुकत असावी असे वाटल्याचे सांगितले. काहींना उत्तर चुकीचे आहे हे कळत होते, पण वेगळे पडायचे नव्हते. मॉर्टन डॉइच व हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ साली हाच भेद ‘माहितीजन्य’ व ‘प्रमाणकजन्य’ प्रभाव असा मांडला. पहिल्यात व्यक्ती इतरांना अधिक जाणते मानते. दुसऱ्यात ती त्यांची नापसंती टाळते.

परिणाम करणारे घटक

• बहुमताचा आकार : विरोधात एकच व्यक्ती असल्यास परिणाम नगण्य असे. तिघांपर्यंत तो वाढे. त्यापुढे फारसा वाढत नसे.
• एकमताचा भंग : एकाही साथीदाराने योग्य उत्तर दिल्यास अनुसरण सुमारे एक चतुर्थांशावर येई. भिन्न मत देणारा स्वतः चुकत असला तरी दबाव कमी होई.
• गुप्तता : उत्तर मोठ्याने न सांगता लिहून दिल्यास अनुसरण लक्षणीय घटे.

अन्वयार्थ

पाठ्यपुस्तकांत हे प्रयोग बहुधा माणसाच्या मेंढरवृत्तीचा पुरावा म्हणून दिले जातात. हे वाचन अपुरे आहे, कारण निर्णायक फेऱ्यांतही बहुसंख्य उत्तरे बरोबरच होती. स्वतः अ‍ॅश यांनीही स्वतंत्र राहिलेल्यांच्या वर्तनाला तितकेच महत्त्व दिले. बहुमताचे बळ संख्येपेक्षा एकमतात अधिक असते आणि एका भिन्न आवाजानेही इतरांना खरे बोलणे सोपे होते, हा या प्रयोगांचा महत्त्वाचा निष्कर्ष मानला जातो.

मर्यादा

प्रयुक्त सर्व अमेरिकन तरुण पुरुष होते आणि त्यांना प्रयोगाचा खरा हेतू आधी सांगितलेला नव्हता. रॉड बाँड व पीटर स्मिथ यांनी १९९६ साली १७ देशांतील १३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात समूहनिष्ठ संस्कृतींमध्ये अनुसरण अधिक असल्याचे व अमेरिकेत ते १९५०च्या दशकानंतर घटल्याचे आढळले.