ब्लूज, रॉक, पंक आणि कापसाच्या रानातली गाणी

विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने एरंडोलमध्ये उभं राहून गिटारवाल्यांवर का बोलावं? उत्तर सरळ आहे. गेली पन्नास वर्षं मी हे संगीत आवडीने ऐकतो आहे. आणि त्याचं मूळ शोधत मागे गेलं, की आपण थेट कापसाच्या शेतात जाऊन पोचतो. कापूस म्हणजे काय, हे एरंडोलच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या काठाने, गाळाच्या सुपीक जमिनीचा एक सपाट पट्टा आहे. त्याला डेल्टा म्हणतात. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा दक्षिणेतला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायची वेळ आली. मग इंग्रजांना आपला खान्देश आठवला. कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे आली, जळगावची पेठ फुगली. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले सट्टेवाले धुळीला मिळाले. म्हणजे तिकडच्या शेतात काय घडतं यावर इकडच्या शेतकऱ्याचं नशीब ठरायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

त्याच 1865 साली तिकडची गुलामगिरी कायद्याने संपली. माणसं मोकळी झाली, पण जमीन मालकाचीच राहिली. मग बटाई आली. बियाणं मालकाचं, खत मालकाचं, दुकान मालकाचं आणि वहीसुद्धा मालकाचीच. वर्षाअखेरी हिशेब झाला की कुळाच्या हातात बहुधा कर्जच उरायचं. आखाजीला ज्याचं साल ठरतं त्या आपल्या सालदाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. अशा माणसांच्या तोंडून जे गाणं आलं, ते ब्लूज.

त्याची रचना बघा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा म्हणताना गाणाऱ्याला पुढचं सुचायला वेळ मिळतो. जात्यावर बसलेली बाईसुद्धा हेच करते. एक ओळ उचलते, दुसरी ती ओढून धरते, तोवर पुढचं सुचतं. विषयही जवळचे. चार्ली पॅटन नावाच्या गायकाने 1929 साली कापसाची बोंडं खाणाऱ्या सोंडकिड्यावर गाणं ध्वनिमुद्रित केलं. गुलाबी बोंडअळीने घर बसलेल्या माणसाला ते भाषांतराशिवाय कळेल. मात्र सारखेपणा म्हणजे एकच असणं नव्हे. तिकडे माणूस बाजारात विकला जात होता; इकडे जातीने त्याची जागा ठरवली होती. दोन्ही दुःखांना आपापली नावं आहेत, ती पुसून तुलना करू नये.

आता माझा खरा मुद्दा. ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी? रॉबर्ट जॉन्सन 1938 मध्ये 27 व्या वर्षी वारला. 1936 आणि 1937 साली टेक्सासात त्याची 29 गाणी ध्वनिमुद्रित झाली होती, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. 1941 मध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे दोन संशोधक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन मिसिसिपीतल्या एका मळ्यावर गेले. तिथे त्यांना ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण भेटला, मडी वॉटर्स. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकल्यावर त्याला आपण कोण आहोत ते कळलं. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला.

आपल्याकडे आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी त्यांची गाणी टिपून ठेवली होती, ती आचार्य अत्र्यांच्या कानी पडली आणि 1952 साली पुस्तक निघालं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्यांच्या शेजारच्या जात्यावर बसलेल्या बाईचा मुलगा कवी नसेल, तर तिचं काय झालं असेल? माझ्या मते आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा रिकामा कागद आहे.

आता रॉक. शिकागोच्या गजबजलेल्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू येईना, म्हणून मडी वॉटर्सने ती विजेला जोडली. त्याच्या एका गाण्यावरून 1962 मध्ये लंडनच्या पोरांनी स्वतःला रोलिंग स्टोन्स म्हणवून घेतलं. लेड झेपलिनच्या पेज आणि प्लांट यांनी तर 1972 साली मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. हे सगळं मला आवडतं. पण याच लेड झेपलिनच्या 'होल लॉटा लव्ह' या 1969 च्या गाण्यावर विली डिक्सन या ब्लूजवाल्याने 1985 मध्ये दावा लावला आणि अखेर तडजोड झाली. गाणं पोचलं होतं, नाव मागे राहिलं होतं. नाव मिळवायला त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली.

आपल्या लग्नांत हल्ली डीजेवर अहिराणी गाणी वाजतात. जाणती मंडळी नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. शेत सोडून शिकागोला गेलेल्या माणसाने गिटारीला वीज जोडली, सुरतेला गेलेल्या आपल्या पोराने अहिराणीला जोडली. फक्त मूळ ओळ कुठल्या आजीची होती, तेवढं विचारत जा.

राहिलं पंक. कानाला ते मला आजही गोड लागत नाही. 1976 साली रामोन्सची पहिली तबकडी आली, त्यात 14 गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात! पण विचार पटतो. तीन स्वरमेळ येतात ना, मग कुणाच्या परवानगीसाठी थांबू नका. मुंबईत 1954 साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाईल करून काढलं, ते याच वृत्तीने. प्रकाशक दारात येईल म्हणून ते बसून राहिले नाहीत. पुढे हेच कोलटकर ब्लूजही ऐकत होते, तुकारामही अनुवादत होते आणि पखवाजही शिकत होते.

पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारणीचं नाव आणि गाव यांसकट. लोमॅक्सला गाडीभर यंत्र न्यावं लागलं होतं. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात ते आहे. जातं गेलं, आता गाणारी पिढीही चालली आहे. कानबाईची, गुलाबाईची, आखाजीच्या झोक्यावरची गाणी ज्यांना पाठ आहेत, त्या बायका ऐंशीच्या पुढे आहेत. विद्यापीठाच्या प्रकल्पाची, अनुदानाची वाट बघू नका. या आखाजीला घरातल्या आजीसमोर फोन ठेवा, तिला गाऊ द्या. आणि आधी तिचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख बोलून घ्या. गाणं त्याच्यानंतर.